मधली बटनं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वंदनाला तर नाहीच. तिला सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं, अन् वांग्याचा भाव सांगून मिटलं. आता थकलो बाप्पा. तुम्ही ऐका.

आमचं अकोटजवळ फुलाभाजीचं वावर. सकाळी व्हॅन भरायची, अकोल्याच्या बाजारात रिकामी करायची. वंदना, माझी बायको, बाजूच्या सीटवर हार ओवत बसते. मला गाण्याचा भारी शौक. व्हॅनमधल्या पेनड्राइव्हच्या नुसत्या टेपवर भागेना, म्हणून एका फिटरकडून टेपच्या खाली इक्वलायझर बसवून घेतला. काळी चपटी पेटी, तिच्यावर वर-खाली सरकणारी बारकी बटनं. फिटर म्हणाला, "इकडं ढोल, तिकडं झांज. माणूस मधी राहते, भाऊ." त्यानं मधली बटनं खाली ओढून दाखवली — गाणारा जसा हौदात जाऊन बसला. वर नेली, की पुन्हा समोर.

गावात माझ्या कानांची कीर्ती होती. मंडपात साउंड लागला, की पोट्टे मलाच विचारायचे, काका, बरोबर आहे का? वंदनाही चारचौघींत सांगायची, ह्यांचे कान लय तिखट. तिचा विश्वास होता हो. अन् मी तिला नेमकं तिथंच धरलं.

वंदना भुलाबाईची गाणी म्हणते. म्हणायची. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी तिला रोज संध्याकाळी ओढून न्यायच्या. ती गायला लागली, की खिरापत ओळखायचं राहून जायचं. अकोल्याचा एक माणूस ही जुनी गाणी गोळा करून मोबाइलवर टाकत होता. त्यानं तिचं एक गाणं रेकॉर्ड केलं, मागं ढोलकी लावली अन् पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. वहिनींना पटलं तर सगळी गाणी त्यांच्याच आवाजात करू, म्हणाला. आमच्या दोघांकडेही साधे फोन. ऐकायचं तर व्हॅनमध्येच.

त्या दिवसांत ती वावरात, चुलीपाशी, कुठंही गुणगुणायची. लग्नापासून तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे तिला हवं होतं. दिसत होतं मला.

मी आधी एकट्यानं ऐकलं, बाजाराबाहेर व्हॅन लावून. काय सांगू? एवढी मोकळी, भरल्या गळ्याची बाई माझ्या घरात राहते, माझी बोलणी खाते — हे मला ठाऊकच नव्हतं. आनंद व्हायला पाहिजे होता ना? नाही झाला. भेव वाटलं. उद्या लोक मला वंदनाबाईचा नवरा म्हणतील. बस, एवढंच. याहून मोठं कारण असेल म्हणून मी लय शोधलं. नाही सापडलं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसायच्या आधी मी मधली बटनं पार खाली ओढून ठेवली.

गाणं लागलं. ढोलकी दणाणली अन् वंदना हौदात. तिच्या हातातली सुई थांबली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "माहा आवाज असा हाये का?"

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. म्हणालो, "सगळ्याइचा आवाज मशीनीत नाई बसत वं." अन् किती मवाळ बोललो! त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"बरं झालं तुमी खरं सांगतलं," ती म्हणाली, अन् पुन्हा फुलं ओवायला लागली.

त्या माणसाचा फोन आला, त्यानं तिची तारीफ केली. तिनं नाही म्हणून सांगितलं. परका माणूस गोडच बोलणार. नवरा काहून खोटं बोलन? मग अचलपूरच्या एका बाईनं ती गाणी म्हटली. आता ती घरोघर वाजतात. वंदनाही ऐकते, किती गोड गाते म्हणते, अन् मी उठून जनावरांना पाणी दाखवायला जातो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. भुलाबाईत आता ती नुसत्या टाळ्या वाजवते. पोरी मागं लागल्या, तर म्हणते, "मशीननंच सांगतलं बाई, आता काय."

पेनड्राइव्ह मी फेकला नाही. व्हॅनमध्येच आहे. कधी ती सोबत नसली, की काचा वर करतो, बटनं जागेवर आणतो अन् ऐकतो. तो आवाज जसा आहे तसा, तिला सोडून, मीच ऐकत बसतो. याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा. नाही ठरवलं तरी चालेल.

गेल्या आठवड्यात असाच बसलो होतो. वंदना सुतळी आणायला दुकानात गेलेली, ती लवकर परतली. दाराची कडी वाजली. आत्ता ऐकू द्यायचं होतं ना? निदान बंद तरी करायचं. पण माझा हात मधल्या बटनांवर गेला, अन् बटनं खाली आली. विचार करायच्या आधीच.

ती बसली, थोडं ऐकलं अन् हसली. "अजून ठेवलं का तुमी हे?"

मी हो म्हणालो अन् व्हॅन काढली.