दौतीवरचे झाकण

दस्त लिहायला बसले की नाना आधी दौतीवर पितळी झाकण ठेवत. मग बोरू कानावर खोचून समोरच्याला म्हणत, "हं. हाकेचं नाव घरी ठेवा. कागदाचं नाव काढा."

नाव पक्के होईपर्यंत ते झाकण उघडत नसे. कुणी चिडो, कुणाची गाडी चुको, नाना झाकणावर दोन बोटे ठेवून बसलेले.

मुलांनो, तिकडच्या कचेरीत तुमचे नाव तीनदा लिहून घेतले म्हणून तुम्ही मागच्या पत्रात कुरकुर केलीत, तेव्हा मला नाना आठवले. माझे बाबा कर्जतला सब-रजिस्ट्रार होते. कचेरीच्या ओसरीवर, खांबाला पाठ टेकून नाना बसत. ते सरकारी नोकर नव्हते. लोकांची गहाणखते, खरेदीखते लिहून द्यायची आणि त्यावर पोट भरायचे, एवढाच त्यांचा धंदा. सडपातळ, टोपी थोडी मागे सरकलेली, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याची. मी पुण्याला इंग्रजी शाळेत होते. सुट्टीत आले की माझा मुक्काम त्यांच्या चटईच्या कडेवर.

बायका आल्या की ओसरीवर खरी मजा. नवऱ्याचे नाव त्या कशा घेणार? शेजारीण सांगायला जाई, तर नाना तिला गप्प करत. "बाईंच्या तोंडून हवं. उखाण्यात घ्या, पण घ्या." एकदा भिसेगावची एक बाई तोंडाला पदर लावून पाऊण तास बसली आणि एकदम म्हणाली,

"कागदावर अंगठा उठवते शाईनं,
धर्माजींचं नाव घेते घाईनं!"

सगळी ओसरी हसली. नाना हसले नाहीत. झाकण उचलून म्हणाले, "धर्माजी. वडिलांचं नाव? आता सासऱ्यांचा उखाणा होऊ द्या."

आता गंगूमावशींची गोष्ट. मावशी मूळच्या पळसदरीच्या. ऐन तरुणपणी विधवा झाल्या आणि माथेरानला एका साहेबाच्या बंगल्यात आया म्हणून राहिल्या. साहेबाची चार मुले त्यांच्या खांद्यावर मोठी झाली. साहेब विलायतेला परतला तेव्हा मावशींपाशी एक पत्र्याची पेटी, जन्माची शिल्लक आणि थोडे इंग्रजी उरले. मूलबाळ नाही, जमीन नाही. म्हातारपणाला ती शिल्लक तेवढी. गावच्या बाळूला माथेरानला भाड्याने फिरवायला दोन घोडे घ्यायचे होते. त्याने आपले तळ्याकाठचे भाताचे खाचर गहाण ठेवायचे आणि मावशींनी पैसे द्यायचे, असे ठरले.

तिघे ओसरीवर आले: मावशी, बाळू आणि बाळूचा म्हातारा बाप महादू.

"नाना, हरी अप करा," मावशी म्हणाल्या. "मला माथेरानला परतायला नेरळची गाडी गाठायची हाय."

नानांनी झाकण ठेवले. "नाव?"

"बाळू."

"बापाचं?"

बाळूने बापाकडे पाहिले. "महादू."

नानांच्या मांडीवर शेताचा उतारा होता. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "बापाचं नाव सांग रे."

"सांगितलं की. महादू. ह्यो काय बसलाय!"

"पुन्हा सांग."

बाळू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. मावशी उठून उभ्या राहिल्या. "काय चाललंय हे? आमी काय चोर हाओत? लिवा की!"

मला राहवेना. मी म्हणाले, "नाना, बाळूला सगळं गाव ओळखतं. काय बिघडतं?"

"गाव ओळखतं, ताईसाहेब," नाना म्हणाले. "आतलं सूचीचं पुस्तक कुणाला ओळखत नाही. उद्या कुणी या शेतावर पैसे द्यायला निघाला, तर तो पुस्तकात आधी नाव शोधणार. शेतवाल्याच्या नावापुढे मावशींचं गहाण दिसलं नाही, तर तो खुशाल पैसे देऊन मोकळा. मग मावशींनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. या वयात." मग बाळूकडे वळून म्हणाले, "जा, विहिरीवरून तांब्या भरून आण. घसा सुकला."

बाळू गेला. नाना चटईवरून थोडे पुढे सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "महादबा, शेत कुणाचं?"

"थोरल्याचं. राघोचं. माजा भाऊ."

"तो वारला. उताऱ्यावर आता 'बाळू राघो' आहे. त्याच्यामागं शेत बाळूच्या नावावर कसं लागलं?"

म्हाताऱ्याने डोक्यावरचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले. "राघोला पोर नव्हतं. बाळू सा वर्साचा आसताना मी त्याला राघोच्या मांडीवर दिला. दत्तक. समद्या गावाम्होरं दिला. पर पोरगं रोज सांजचं माज्याकडंच पळून यायचं. राघो बी काय बोलला नाय कदी."

"म्हणजे कागदाला बाळूचा बाप राघो."

"व्हय. लिवा राघो. पर त्याला नगा इचारू नाना. माज्या म्होरं त्याच्या तोंडातून ते नाव निगायचं नाय."

मावशी हळूच खाली बसल्या. नेरळच्या गाडीचे त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

नानांनी झाकण उचलले. बोरू कुरकुरत चालला. बाळू पाण्याचा तांब्या घेऊन आला तोवर मजकूर खाली पोचला होता. नानांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. "बाळू, दत्तक पिता राघो..." बाळूची मान खाली गेली. नाना न थांबता वाचत राहिले. शेवटी आले, "साक्षीदार, महादू, दस्त करून देणाराचा जन्मदाता."

बाळूने चमकून वर पाहिले.

"दोन बाप आहेत, दोघंही कागदावर आले," नाना म्हणाले. "एक वर, एक खाली. आता अंगठा कर. आणि त्या म्हाताऱ्याला पाणी दे, मला तहान नाही."

दोन पावसाळे गेले. माझी तेव्हाही सुट्टी होती. खालापूरहून एक सावकार कचेरीत आला. बाळूला तिसऱ्या घोड्याची हौस आली होती आणि तो त्याच खाचरावर पैसे मागायला त्याच्याकडे गेला होता. मावशींच्या गहाणाबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता. वाईट नव्हता हो बाळू. घोडा दिसला की त्याला बाकीचे दिसत नसे. सावकाराने शोधाचा अर्ज केला, कारकुनाने पुस्तक काढले, आणि बाळू राघोच्या नावापुढे मावशींचे गहाण उभे! सावकार ओसरीवरून जाताना नानांना म्हणाला, "तुम्ही माझा एक धंदा घालवलात."

"बसा, दुसरा लिहून देतो," नाना म्हणाले. "नाव काय म्हणालात?"

बाळूचा तिसरा घोडा राहिला. मावशींची शिल्लक राहिली. त्या गाडीतून उतरून कचेरीत आल्या, नानांच्या चटईपाशी माथेरानच्या मधाची बाटली ठेवली आणि म्हणाल्या, "थँक यू." नानांना थँक यूचे काय करायचे ते कळले नाही. त्यांनी झाकण नीट पुसले.

पुढच्या वर्षी नाना आजारी पडले आणि खालापुराजवळ बहिणीकडे जाऊन राहिले. चार आठवड्यांत निरोप आला. बाबा निघाले, मी हट्टाने बरोबर गेले. स्टेशनापाशी गंगूमावशी बगलेत पत्र्याची पेटी धरून उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावले नव्हते. त्याही आमच्या टांग्यात बसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा बहिणीच्या अंगणात गावचे पाटील जन्ममृत्यूचे पुस्तक उघडून बसले होते. शेजारी नानांचीच दौत. बहीण रडत होती. पाटील हळू आवाजात म्हणाले, "नाव काय घालू?"

"नानाच घाला," बहीण म्हणाली. "सगळं जग त्याला नानाच म्हणत होतं. ना शेत, ना पोर. कोण बघायला येणार आहे आता ते पुस्तक?"

पाटलांनी टाक उचलला. बाबा काही बोलणार, तोच मावशी पुढे झाल्या. दौतीशेजारी पडलेले पितळी झाकण त्यांनी उचलले, दौतीवर ठेवले आणि त्यावर दोन बोटे दाबली.

"थांबा पाटील. हाकेचं नाव घरी."

मग दुसऱ्या हाताने त्यांनी पेटी उघडली. आत साहेबाच्या मुलांचा एक फोटो होता आणि त्याखाली घडी घातलेले गहाणखत. मावशींना अक्षर वाचता येत नव्हते. पण दस्ताच्या तळाशी लिहिणारा स्वतःचे नाव घालतो, हे त्यांना माहीत होते. त्यांनी शेवटच्या ओळीवर नख ठेवले आणि कागद बाबांच्या हातात दिला. "हितं हाय. त्यांनीच लिवलंय. वाचा."

बाबांनी वाचले. नानांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आडनाव. इतकी वर्षे चटईवर बसून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. पाटलांनी ते एकदा म्हणून दाखवले. बाबांनी मान हलवली.

तेव्हा मावशींनी झाकण उचलले.