परत पाठवलेलं पातळ पुस्तक

लग्नाआधीच्या माझ्या सगळ्या भानगडी नवऱ्याला, केंजीला, ठाऊक आहेत, आणि लग्नानंतरच्या सगळ्या पुण्यातल्या बहिणीला. ही एक गोष्ट मात्र दोघांनाही माहीत नाही. लेकीला, मायाला, तर नाहीच. सांगायला तोंड उघडलं की मी भलतंच काहीतरी बोलते – चहा टाकू का, प्लास्टिकचा कचरा वेगळा ठेवलास का – आणि वेळ मारून नेते. आज तुमच्यापाशी बोलते. कंटाळले हो आता हे सांभाळून.

तसं पाहिलं तर गोष्ट एका पुस्तकाची आहे. पुस्तकाने कुणाचं काय बिघडतं?

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी पुण्याची, इंग्रजीत एम.ए. केलेली, आणि जपानात कोबेपासून ट्रेनने दीड तासावरच्या डोंगराकडच्या गावात सून होऊन आलेली. केंजी सकाळी सहाच्या ट्रेनने कोबेला नोकरीवर जायचा. घरात मी, दोन वर्षांची माया आणि सासूसासरे. मला जपानी धड येत नव्हतं. ओकासान, म्हणजे सासूबाई, मी धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायच्या. मी बांधलेली कचऱ्याची पिशवी उघडून पुन्हा बांधायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बांधायच्या! मिरवायला माझ्यापाशी एकच चीज होती – इंग्रजी. आणि ती मी मिरवायचे. अगदी नाक वर करून.

ओतोसान, म्हणजे सासरे, मात्र मला मानत. लाकडाच्या वखारीत आयुष्य काढलेला कमी बोलणारा माणूस. हिवाळ्यात गावातले सात-आठ जण रानडुकराच्या शिकारीला जात, त्यांत हे. कुत्री डोंगरातून डुक्कर हाकत आणतात आणि बंदूकवाले ठरलेल्या नाक्यांवर दबा धरून बसतात. कोणी कुठे बसायचं ते म्होरक्या सकाळी सांगतो. ओढ्याजवळच्या नाक्यावरून डुक्कर हमखास जायचं, आणि तो नाका वीस वर्षं ओतोसानांचा होता. गावात त्यांची ओळख काय, तर ओढ्याच्या नाक्यावरचे. बास. तेवढीच, आणि तेवढी त्यांना पुरत होती.

त्या वर्षी त्यांचा शिकारीतला जुना जोडीदार गेला. तो शिसं वितळवून स्वतः गोळ्या ओतायचा, काडतुसंही घरीच भरायचा. त्याच्या बायकोने गोळ्यांचा साचा ओतोसानांना आणून दिला. मित्राच्या साच्यातली गोळी आपल्या बंदुकीतून उडवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पोलिसांकडच्या परवानग्या वगैरे सगळं त्यांनी रीतसर केलं. पण कुठल्या गोळीला बंदुकीची दारू किती, हे तो मित्र डोक्यात घेऊनच गेला होता. मग पुस्तक हवं. आणि पुस्तकं सगळी अमेरिकेची, इंग्रजीतली. बंदुकीच्या दुकानदाराने त्यांना दोन पुस्तकं पाहायला दिली. एक ठेवा, एक रविवारपर्यंत परत करा, म्हणाला.

ओतोसानांनी हात धुऊन पुसून ती दोन्ही माझ्यापुढे ठेवली. एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, रंगीत फोटो, पानोपानी कोष्टकं. दुसरं पातळ, तपकिरी पुठ्ठ्याचं, टाइपरायटरवर टंकल्यासारखं. त्याच्या पुठ्ठ्यावर शिशाच्या गोळीचं साधं रेखाचित्र होतं. ते चाचरत म्हणाले की हे पातळ शिशाचंच दिसतंय, हेच बरं नाही का? तेवढ्यात ओकासान स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाल्या. मला एवढंच कळलं – तिला तरी हे कळणार आहे का?

झालं. मी दोन मिनिटंसुद्धा न घालवता जाड पुस्तकावर हात ठेवला. यात सगळं आहे, म्हणाले, शिशाचंही आहे, ते दुसरं परत करा. वाचलं होतं का मी? एक पान नाही. कोष्टकांवरचे शब्द मला कळतही नव्हते. पण एम.ए. ना मी! कळत नाही म्हणायची सवय कुठे होती मला?

पातळ पुस्तक परत गेलं. मी कोष्टकातून गोळीचं वजन जुळवलं, पुढचा दारूचा आकडा शोधला आणि जपानीत लिहून त्यांना दिला. त्यांनी वाकून आभार मानले. शिकारीतल्या मंडळींना घरी बोलावून पुस्तक दाखवलं, माझी सून वाचते म्हणून सांगितलं. ओकासानांनी त्या दिवशी माझे तांदूळ पुन्हा धुतले नाहीत. काय बरं वाटलं मला त्याचं! आजही आठवलं की लाज वाटते, इतकं बरं वाटलं.

तीनेक आठवड्यांनी त्यांनी कुठल्याशा शब्दाचा अर्थ विचारला. तो शोधताना मी पहिल्यांदाच प्रस्तावना वाचली. तिसऱ्या पानावर चौकटीत ठळक छापलं होतं – ही कोष्टकं तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांची आहेत, ओतलेल्या शिशाच्या गोळीसाठी वापरू नयेत. शिशाचं गणित वेगळं, त्याचं पुस्तक वेगळं. शिसं मऊ असतं, फार वेगाने गेलं तर त्याचा लेप नळीत बसतो आणि नेम जातो.

नेम जातो. हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं, सकाळी दहा वाजता, खिडकीपाशी बसून. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी दुकानाला फोन लावला. पातळ पुस्तक गुपचूप मागवावं, असा विचार होता. दुकानदाराने आवाज ओळखला – अरे, त्या इंग्रजी वाचणाऱ्या सूनबाई का? – आणि भरभरून कौतुक करायला लागला. मी काहीतरी निमित्त सांगून फोन ठेवला. असा कितीसा फरक पडणार आहे, असं स्वतःला समजावलं. प्रस्तावना कोण वाचतं?

शिकारीचा हंगाम सुरू झाला आणि ओतोसानांचा नेम चुकायला लागला. आधी एकदा. मग दुसऱ्यांदा. घरी येऊन ते नळी साफ करत बसायचे, चिंधीवर चंदेरी कपचे निघायचे. शिशाची गोळी म्हटल्यावर एवढं निघायचंच, असं म्हणायचे. मी शेजारी बसून मायाला भरवत असायचे. 

डिसेंबरात म्होरक्याने ओढ्याचा नाका दुसऱ्याला दिला. ओतोसान वरच्या पायवाटेवर. कोणी काही लागेल असं बोललं नाही, इथे तसं बोलत नाहीत. ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डोळे वयाच्या मानाने उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाला. त्या संध्याकाळी ते पुस्तक घेऊन माझ्यापुढे बसले. खाली बघत, माफी मागितल्यासारखं म्हणाले –

"रेखा-सान, मीच काहीतरी चुकीचं समजलो असेन. पुस्तकात काही राहिलं तर नाही ना? एकदा बघता?"

बघा, हाच तो क्षण. तिसरं पान उघडून समोर ठेवायचं होतं, बाकी काही नाही. ते रागावलेही नसते. ओकासान काही बोलल्या असत्या – बोलू द्यायचं होतं! मी पुस्तक घेतलं. पानं उलटली, बोट फिरवलं, वाचल्याचं नाटक केलं. तिसरं पान आलं तेव्हा दोन पानं एकदम उलटली. मग पुस्तक मिटून म्हणाले –

"सगळं बरोबर आहे, ओतोसान. वय झालं की होतं असं."

त्यांनी पुस्तक परत घेतलं, आपल्या हातांकडे पाहिलं. "मग हातच असणार," म्हणाले.

जानेवारीत त्यांची गोळी डुकराला नुसती चाटून गेली. जखमी डुक्कर फिरलं आणि म्होरक्याच्या कुत्रीचं पोट फाडून गेलं. ओतोसान तिला अंगावरच्या कोटात गुंडाळून डोंगर उतरले. ती वाटेतच मेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस ठाण्यात परवाना परत केला, बंदूक दुकानदाराकडे नेऊन दिली आणि साचा मित्राच्या बायकोला. जाड पुस्तक मात्र ठेवलं. रेखा-सानने निवडलेलं आहे म्हणून.

त्यानंतर ते सात वर्षं जगले. पण म्हातारे ते त्या हिवाळ्यात झाले. शिडी चढेनात. पर्सिमनची फळं सोलायला सुरी घेईनात, ओकासानकडे देत. मासे धरायच्या गळाला दोरा मायाकडून ओवून घेत, आणि ती "जीजी, तू कर ना" म्हणत आजोबांपाशी जपानीत कुरकुरायची. माझ्या एका वाक्यावर त्यांनी स्वतःचे हात टाकून दिले होते, आणि मी रोज बाजूला बसून जेवत होते.

त्यांना एक सवय लागली होती. कोतात्सूजवळ, म्हणजे रजई घातलेल्या शेगडीच्या बुटक्या टेबलाजवळ, बसले की उजवा हात टेबलावर समोर धरायचे, बोटं ताठ करून. थरथरतो का ते बघायला. बराच वेळ धरायचे. हात हलायचा नाही. मला दिसायचं, त्यांनाही दिसत असणार. मग ते एकदा माझ्याकडे बघायचे आणि हात परत रजईखाली घ्यायचे.