भागी आजीनं दिलेलं औषध

साखरशेतजवळच्या आमच्या पाड्यात भागी आजीइतकं हट्टी माणूस दुसरं नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. सोळा वर्षं अंगणवाडी चालवतेय मी. या बाईनं जितकं माझं डोकं खाल्लं तितकं पंचवीस पोरांनी मिळून खाल्लं नसेल. नातीसाठी आहाराचं पाकीट दिलं, तर ते फोडून शेजारच्या चार पोरांना वाटलं. का, तर म्हणे, "एकटीच्या तोंडात घास कसा घालू? बाकीची बघतात ना!" अंडं दिलं तर त्याचेही तीन भाग. आता काय बोलायचं, सांगा!

साठी कधीच उलटलीय, पण नाचणीच्या शेताचं काम एकटी ओढते. दिवाळीनंतर मुलगा फागू आणि सून वीटभट्टीवर निघाले, तेव्हा दीड वर्षाच्या लेकीला, माघीलाही नेणार होते. पोर पांढरीफटक. दोन पावलं टाकली की बसायची आणि माती खायची. नर्सबाईंनी बोट टोचून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. अकरा तरी हवं. भागी आजी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "पोर इथंच राहील. तुम्ही परत येईस्तोवर मी तिला धावती करते." फागूनं ऐकलं.

लोहाच्या औषधाची बाटली मीच तिच्या हातात दिली. रोज एकदा, चुकवायचं नाही. दोन दिवसांत बाई तक्रार घेऊन हजर, पोर औषध थुंकते. इकडे पाकिटांसाठी बायकांची रांग, मोबाइलमध्ये माहिती भरली जाईना, वरून ती आजच भरा म्हणून तगादा. मी खेकसले, "अहो, मग कशात तरी मिसळून द्या! तेवढंही मीच सांगायचं का?"

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. सात पॉइंट एक! वाढायचं सोडून उतरलेलं. नर्सबाई म्हणाल्या, सातच्या खाली गेलं तर जव्हारच्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारीनं औषधही पाड्यात वाटलं असणार, नाहीतर ओतून टाकलं असणार! दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेले आणि अंगणातूनच तोंड सोडलं.

ती चिडली नाही. मला हाताला धरून आत नेलं आणि कुडाची भिंत दाखवली. औषध दिलं की कोळशाची एक रेघ. भिंत भरत आली होती.

"एक दिस नाय चुकवला, बाई. बसा, दावते."

तिनं चुलीवरचा कोरा चहा वाटीत ओतला, गूळ टाकला, फुंकून निववला, त्यात मापानं औषध घालून बोटानं ढवळलं. माघी ते घटाघटा प्यायली.

"बघा, थेंब सोडत नाय."

अरे देवा! चहात! चहा लोहाला अंगी लागूच देत नाही. प्रशिक्षणात आम्हाला हे दहादा सांगितलंय, आणि मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. तिथंच कपाळावर हात मारून घेतला आणि तिला समजावलं.

मग ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात, कशात तरी. आमच्यात पोर आवडीनं पिते असं दुसरं काय आहे, बाई?"

तेवढ्यात भट्टीवरून फागूचा फोन आला. म्हातारीनं काही लपवलं नाही. "रक्त उतरला रे. मीच चहात औषध दिला. माझाच चुकला." माझं नावसुद्धा काढलं नाही. मला तिचाच राग आला. माझी चूक झाकायला हिला कोणी सांगितलं होतं? मी फोन ओढूनच घेतला.

"फागू, कशात तरी मिसळा असं मी सांगितलं होतं. तुझ्या आईनं माझंच ऐकलं. उद्यापासून मी स्वतः येऊन औषध पाजते."

पलीकडे विटा रचल्याचा आवाज येत होता.

"बाई," फागू म्हणाला, "आई तुमचं ऐकते, म्हणूनच पोर तिच्यापाशी ठेवली ना."