श्रावणात सोडलेली लेन्स

श्रावणात आमच्या चाळीतल्या सगळ्यांनी मासे सोडले. मी लेन्स सोडली.

ही ऐंशीच्या दशकातली घाटकोपरची गोष्ट. माझा एक मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने मला कुठल्याशा बंदरातून एक कॅमेरा आणि दोन लेन्स आणून दिल्या होत्या. एक लेन्स साधी, आखूड. खोलीत उभं राहून अख्खा माणूस फोटोत मावेल अशी. दुसरी टेलिफोटो, चांगली वीतभर लांब. तिच्यातून समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचा कावळा डोळ्यांतल्या बुबुळासकट दिसायचा! (कावळ्यालाही माझा कंटाळा येऊ शकतो, हे मला त्या लेन्समुळेच कळलं.)

मी एका कॅमेरा क्लबात जात होतो. दर रविवारी एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही बसायचो. तिथले सर एकदा म्हणाले, "दोन डगरींवर पाय ठेवू नका. महिनाभर एकच लेन्स लावा. दुसरीला हात लावायचा नाही. मग बघा नजर कशी तयार होते."

बाकीच्या शहाण्या मंडळींनी साधी लेन्स निवडली. मी टेलिफोटो! कारण अगदी सरळ होतं. साधी लेन्स गळ्यात घालून फिरलो की लोक विचारायचे, "काय, फोटोबिटो काढतोस वाटतं?" आणि टेलिफोटो घातली की विचारायचे, "साहेब, पेपरमध्ये असता का?"

घरी येऊन मी हा संकल्प जाहीर केला, तो नेमका श्रावणाच्या पहिल्या दिवशी. आई आमची मालवणची. तिला लेन्समधलं काही कळत नसे, पण सोडण्यातलं सगळं कळत असे.

"म्हणजे व्रतच की रे!" ती एकदम खूश झाली. "श्रावणभर सोडलंस मां? मग ती इकडे दी."

माझ्या हातातली साधी लेन्स तिने घेतली, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवली आणि वर जास्वंदीचं फूल वाहिलं. माझी धाकटी बहीण शैला दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "आई, मध्येच व्रत मोडलं तर काय होतं गं?"

"वाट लागता," आई म्हणाली.

तेव्हा मला हसू आलं होतं.

दहा बाय बाराच्या खोलीत टेलिफोटो लावून बसणं म्हणजे काय, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. बाबांचा पेपर वाचतानाचा फोटो काढायला गेलो. भिंतीला पाठ टेकली, तरी कॅमेऱ्यात बाबांचं नुसतं नाक आणि अर्धी मिशी! मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून शेजारच्या कदमांच्या खोलीत जाऊन, त्यांच्या पलंगावर उभा राहून, दोन्ही दारं उघडी ठेवून मी तो फोटो काढला. कदमकाका तेव्हा त्याच पलंगावर झोपले होते. त्या दिवसापासून ते दाराला आतून कडी लावायला लागले. मग मी गच्चीवर गेलो. तिथून समोरच्या बिल्डिंगवर लेन्स रोखली, तर तिकडच्या तीन खिडक्या धडाधड बंद झाल्या आणि संध्याकाळी तिथले सेक्रेटरी बाबांना भेटायला आले.

"तुमचा मुलगा आमच्याकडे काय बघतो?"

"कावळा," बाबा म्हणाले. बाबा खरं तेच बोलले होते, पण ते कोणाला पटलं नाही.

इथवर ठीक होतं. मग मुलुंडहून आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. चाळीतल्या निम्म्या लग्नांना तीच जबाबदार होती. तिने शैलासाठी मुलुंडचंच एक स्थळ आणलं होतं. मुलगा आखातात नोकरीला, रजेवर आलेला, गणपती झाले की परत जाणार. "त्यांना मुलीचा उभा फोटो हवा," आत्या म्हणाली. "स्टुडिओतला नको. त्या स्टुडिओतल्या फोटोत सगळ्याच मुली सारख्या दिसतात. घरगुती हवा, साडीत. उंची कळली पाहिजे. एक फोटो चांगला गेला ना, की झालंच समजा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात पेपरवाल्यांसारखी लेन्स असलेला मुलगा असताना बाहेर कशाला जायचं? माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बहिणीचं लग्न आता माझ्या एका बोटावर अवलंबून होतं!

फक्त शैला म्हणाली, "मला नाही काढायचा फोटो."

"लाजता हां," आई म्हणाली.

मी विचार केला, या कामापुरती साधी लेन्स घ्यावी. देवाला काय कळतंय! आई भाजीला गेल्यावर मी हळूच देव्हाऱ्यात हात घातला. लेन्स बाहेर काढली, तर काचेवर रोजच्या पूजेचं हळदकुंकू बोटभर साचलेलं! मी ते पुसायला बनियन वर करतो न करतो, तोच मागून शैला ओरडली, "आई! दादा व्रत मोडतोय!"

आई जिन्यावरच होती. "ठेव ती!" तिचा आवाज वर आला. "बहिणीचा चांगला होऊचा तर व्रत मोडतंस? व्रत म्हणजे काय खेळ वाटलो तुका?"

झालं! टेलिफोटोनेच काढायचा ठरला. उभा माणूस त्या लेन्समध्ये मावायला कमीत कमी तीस-पस्तीस फूट लांब जायला हवं. ते शक्य होतं फक्त आमच्या चाळीच्या गॅलरीत. सगळ्या खोल्यांपुढून जाणारी ती लांबलचक गॅलरी. मी जिन्याकडच्या टोकाला स्टूल मांडून बसलो. शैला पार पलीकडे जाऊन उभी राहिली.

"इतकी लांब कशाला? अलीकडे ये!"

"इथे उजेड छान आहे रे!" ती म्हणाली.

उजेड खरंच छान होता. तिच्या मागे, गॅलरीच्या टोकाला, दिलीपची खोली होती. दिलीप तावडे म्हणजे माझा दोस्त, माझा कॅरमचा पार्टनर. दुपारची वेळ, सगळ्यांची दारं लोटलेली. गॅलरीत कोणी मध्ये कडमडू नये म्हणून आई माझ्या मागे जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. खाली जिन्यावर कळशा-पिशव्या घेतलेली चार माणसं अडकली होती. "थांबा! फोटो चललोहा!" आई त्यांना दटावत होती.

आता थोडं शास्त्र. कॅमेऱ्यातून बघताना ज्याच्यावर फोकस धराल तेवढंच स्पष्ट दिसतं, मागचं सगळं धुकट. बटण दाबलं की लेन्सचं भोक बारीक होतं आणि फोटोत मागचंही स्पष्ट येऊ शकतं. हे मला माहीत होतं. (माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फार अंतर असतं.)

शैला मोरपिशी साडीत झकास दिसत होती. पण तिच्या मागे निळ्या पट्ट्यांचं काहीतरी धुकट लोंबत होतं.

"शैले, मागचा टॉवेल काढ गं!"

"ओला आहे रे! वाळू दे की!"

"फोटोत येईल ना!"

"येऊ दे! घरगुती हवाय ना त्यांना?"

मुद्दा बिनतोड होता. मी फोटो काढत गेलो. शैला आधी रडवेली उभी होती, पण शेवटच्या फोटोला इतकं गोड हसली की माझे डोळेच भरून आले, समोरचं सगळं धुकट झालं. तेवढ्यात वाऱ्याने तो टॉवेल तिच्या अंगाशी आला, पण म्हटलं जाऊ दे, हे हसू परत मिळायचं नाही. खटॅक!

रोल आत्याने स्वतः मुलुंडला नेला. तिच्या घराखालीच स्टुडिओ होता. तिथून तिने शैला हसतेय तो फोटो निवडला आणि परस्पर मुलाकडे पोचता केला. तिचा चष्मा घरी राहिला होता. "छान आलाय हो!" असा तिचा निरोप आला. "मागे कसलासा पडदा आहे, तोही छान."

चार दिवसांनी मुलाचे आईवडील आत्यासोबत आमच्याकडे आले. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढला आणि हळूच विचारलं, "मुलगी आम्हांला पसंत आहे. पण हे गृहस्थ कोण?"

फोटो हातोहात फिरला. मग माझ्या हातात आला. शैलाच्या अगदी खांद्याला खांदा लावून निळ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला दिलीप! हात तिच्या खांद्यावर! आणि दोघंही हसतायत, लग्नाच्या वाढदिवसाला काढावा तसा!

बाबांचा चेहरा पडला. आई मटकन खाली बसली. आत्या पर्समध्ये चष्मा शोधायला लागली. बहिणीचं ठरत आलेलं लग्न माझ्या फोटोने मोडत होतं. आणि त्याच क्षणी (अजून आठवलं की अंगावर काटा येतो) माझ्यातला कलावंत जागा झाला.

"थांबा!" मी ओरडलो. "हा दृष्टिभ्रम आहे! टेलिफोटो लेन्स लांबच्या वस्तू जवळ ओढते. दिलीप तिच्या मागे पंधरा फुटांवर, आपल्या दारात उभा होता. दोरीवरचा कपडा काढत होता. त्याचा हात दोरीकडे गेलाय, खांद्याकडे नाही! दाखवू?"

मी स्वयंपाकघरातून दोन पितळी पेले उचलले. सगळी वरात गॅलरीत आली. दोन स्टुलं एकामागे एक, चांगली पंधरा फूट अंतर सोडून मांडली, प्रत्येकावर एक पेला ठेवला. मग लेन्सचं भोक बारीक करून, मुलाच्या वडिलांना जिन्याच्या टोकाशी बसवून कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लावला.

"अरे!" ते उडालेच. "पेले चिकटल्यासारखे दिसतात की!"

"बघा!"

"अगं, तू पण बघ. विज्ञान आहे हे!"

मुलाच्या आईने बघितलं, आत्याने चष्मा लावून बघितलं. आईने उठून पदराने डोळे पुसले. मुलाची आई म्हणाली, "उगाच शंका घेतली बाई आम्ही. मग आमच्याकडून पक्कं समजा!" आत्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी जिंकलो होतो! अख्ख्या चाळीसमोर फोटोग्राफीने एक लग्न वाचवलं होतं!

तेवढ्यात शैला बाहेर आली. कोणाकडे न बघता ती गॅलरीतून सरळ चालत गेली, मागच्या स्टुलावरचा पेला उचलला आणि पुढच्या पेल्याला खेटून ठेवला.

"काका, आता बघा. असं होतं."

मुलाच्या वडिलांनी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "काही फरक दिसत नाही गं, पोरी!"

"तेच ना!" शैला म्हणाली. "दिसत नाही, पण आहे. तो लांब नव्हता, काका. माझ्या शेजारीच होता. मीच बोलावलं होतं. तुमचा मुलगा चांगलाच असेल, पण मला आखातात नाही जायचं. मला इथेच, चार दारं पलीकडे जायचंय."

दिलीपच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा बंद झालं. आईने शैलाकडे बघितलं, त्या दाराकडे बघितलं आणि मग फाडकन थोबाडीत मारली. मला!

"मेल्या, म्हयनोभर ह्या नळकांड्यातून तू बघीत काय होतंस?"

सगळ्यांत आधी हसले ते मुलाचे वडील. "मुलगी खरं बोलते हो," ते बाबांना म्हणाले. "आमच्या नशिबात नव्हती, एवढंच." निघताना त्यांनी आणखी एकदा कॅमेऱ्यातून बघून घेतलं. मंडळी गेल्यावर बाबांनी घसा खाकरला. "दिल्या, बाहेर ये!" दिलीप बाहेर आला. अंगात तोच शर्ट! बाबा म्हणाले, "दार लावून काय बसतोस? आत ये, चहा घे." त्या दिवसापुरतं एवढंच झालं. पण आमच्याकडे एवढं झालं की पुढचं आपोआप होतं.

रात्री मी शैलाला गाठलं. "दादा व्रत मोडतोय म्हणून तू मुद्दामच ओरडलीस ना?"

"मग! साधी लेन्स असती तर तू चार हातांवर येऊन उभा राहिला असतास. मग तो कसा आला असता?"

"आणि मला सांगितलं असतंस तर?"

"तुला?" ती हसायला लागली. "दादा, जिन्यावर अडकलेल्या चौघांनाही माहीत होतं रे!"

लग्न दिवाळीनंतर झालं. फोटो काढायला बाहेरचा माणूस बोलावला होता. मला दिलेलं काम एकच, नवरीच्या भावाचं, नवऱ्याचा कान पिळायचा. तो मी असा पिळला की दिलीप "अरे यार!" म्हणून ओरडला. कानपिळीचा मान म्हणून त्याने माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. सफारीचं कापड असेल म्हणून मी मोठ्या ऐटीत सगळ्यांदेखत उघडलं.

आत निळ्या पट्ट्यांचा टॉवेल होता.

अजून आहे माझ्याकडे. रोज वापरतो. फक्त दोरीवरून ओढायच्या आधी अगदी जवळ जाऊन, चष्मा लावून, टॉवेलच आहे ना, ते बघून घेतो.