दोन माणसं कमी

मामांनी सत्तावीस वर्षं एकच सहल चालवली. 'एका दिवसात तीन किल्ले'. सकाळी सातला बस स्थानकासमोरून निघायची. आधी डोंगरावरचा किल्ला, मग नदीकाठचा, आणि उन्हं कलली की तळ्यातला. संध्याकाळी साडेसातला बस परत त्याच जागी. कुठल्या वळणावर माणसं खिडकीकडे झुकणार आणि कुठल्या वळणावर कुणाच्या पोटात ढवळणार, हे मामा डोळे मिटून सांगू शकत. डोळे मिटून गाडी मात्र त्यांनी कधी चालवली नाही, असं कंपनीतले लोक गमतीनं म्हणायचे.

पण या तीन किल्ल्यांपैकी एकाच्याही आत त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं.

त्याचं कारण साधं होतं. माणसं किल्ला बघायला गेली की त्यांच्या पिशव्या, औषधं, स्वेटर सगळं गाडीतच राहायचं, आणि गाडी सोडून जायचं नाही हा कंपनीचा नियम. मामा नियमाचे पक्के. ते काचा पुसायचे, टायरना हात लावून बघायचे, डबा खायचे. गाडी लावायची जागा तिन्ही ठिकाणी मागच्या अंगाला होती. त्यामुळे मामांना किल्ल्यांच्या फक्त पाठी माहीत. डोंगरावरच्या किल्ल्याची कोळशाची कोठी, नदीकाठच्याचा कचऱ्याचा दरवाजा, तळ्यातल्याचा कपडे वाळत घालायचा सज्जा. कुणी त्यांना किल्ल्याचा फोटो दाखवला तर ते क्षणभर गोंधळायचे, कारण फोटो समोरून काढलेला असायचा.

सुट्टीच्या दिवशी जाता आलं असतं. पण आठवड्याचे सहा दिवस ज्या रस्त्यानं जायचं, त्याच रस्त्यानं सातव्या दिवशी कोण जाणार? शिवाय मामींशी ठरलं होतं. मामा निवृत्त झाले की दोघांनी प्रवासी म्हणून जायचं, मामांनी खिडकीशी बसायचं, आणि गाडी दुसऱ्या कुणीतरी हाकायची. कंपनीची पद्धतच होती: निवृत्त होणाऱ्याला दोन माणसांची सहल भेट. मामी म्हणायच्या, फुकट मिळणारच आहे तर आता कशाला पैसे घाला.

मामी तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करायच्या. दिवसभर मान खाली. घरी आल्यावर भाजी चिरता चिरता त्या मामांना विचारायच्या, आज बाई काय म्हणाल्या? बाई म्हणजे सहलीच्या गाइडबाई. बसमध्ये माइकवर त्या जे सांगायच्या ते मामांना पाठ होतं: कुठल्या राजानं कुठला बुरूज बांधला, कोण कुणाला फितूर झालं, वेढा किती महिने चालला. पण मामींना लढायांत गोडी नव्हती. त्यांचे प्रश्न निराळेच. स्वयंपाकघर खाली आणि जेवायची खोली वर, तर जेवण गरम कसं पोचायचं? तीनशे मेणबत्त्या विझवायचं काम कुणाचं? एवढे मोठे पडदे धुवायचे कोण, आणि वाळवायचे कुठे?

मामांना यातलं काय ठाऊक असणार? ते दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायचे. बाईंनाही पहिल्यांदा ठाऊक नसायचं. मग त्या किल्ल्याच्या म्हाताऱ्या रखवालदाराला गाठायच्या, जुन्या वह्या चाळायच्या, आणि आठवड्यानं उत्तर घेऊन यायच्या. जेवण गरम पोचायचंच नाही. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढेपर्यंत निवायचं. राजानं जन्मात कधी वाफाळतं काही खाल्लं नाही.

"बिचारा," मामी म्हणाल्या होत्या. "म्हणजे आपलं बरं आहे की."

असे वर्षानुवर्षं प्रश्न जात होते आणि उत्तरं येत होती, आणि स्वयंपाकघरातल्या त्या छोट्या टेबलापाशी दोघांनी मिळून तीन किल्ले उभे केले होते. कुठे काय ठेवायचं ते मामी ठरवायच्या. डोंगरावरच्या राणीची खोली त्यांनी ऐसपैस केली होती, कारण बिचारीला बाहेर जायला मिळत नसे. तळ्यातला किल्ला तर पूर्ण त्यांच्याच मर्जीचा. त्याच्या एका खिडकीशी त्यांनी खुर्ची मांडली होती, आणि पाठ फार दुखली की म्हणायच्या, आज मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसते, तुम्ही कुकर बंद करा.

मामा निवृत्त व्हायच्या सोळा महिने आधी मामी गेल्या.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी मामांच्या हातात पाकीट ठेवलं. आत सहलीचं तिकीट, दोन माणसांचं, मुदत एक वर्ष. पद्धत होती म्हणून कारकुनानं छापलं होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. मामांनी ते बदलून घेतलं नाही. नऊ महिने ते कपाटात राहिलं. परगावी राहणारी लेक दर रविवारी फोनवर टोकायची: बाबा, जाऊन या. शेजारच्या काकांना न्या. मामा म्हणायचे, बघू. लेकीला वाटायचं, बाबांना आईशिवाय जाणं जड जातंय. ते होतंच. पण मामांच्या मनात दुसरी भीती होती, आणि ती लेकीला सांगण्यासारखी नव्हती. टेबलापाशी उभे केलेले ते तीन किल्ले हीच काय ती मामींची शिल्लक राहिली होती. साड्या लेकीनं नेल्या, शिवणाचं मशीन कारखान्यातल्या मैत्रिणीला दिलं. खरे किल्ले पाहिले आणि ते निराळेच निघाले, तर मग मामींचे कुठे जायचे?

पण मुदत संपायला आली. मामींशी ठरलं होतं हेही खरंच. एका बुधवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून स्थानकासमोर उभे राहिले.

नवा ड्रायव्हर चाळिशीचा होता. मामांनीच त्याला हा रस्ता शिकवला होता. त्यानं उठून नमस्कार केला आणि म्हणाला, मामा, आज चुका काढू नका. मामा म्हणाले, काढणार नाही, मोजून ठेवीन. पाच आणि सहा नंबरची जागा होती. मामा खिडकीशी बसले. सहाव्या जागेवर त्यांनी काहीच ठेवलं नाही, टोपीसुद्धा नाही.

डोंगरावरच्या किल्ल्याशी सगळे उतरले. मामा सवयीनं मागच्या बाजूनं निघाले आणि कोळशाच्या कोठीच्या बंद दाराशी जाऊन थांबले. बाईंनी हाक मारून त्यांना पुढून आणलं. आत जाताना त्यांचा हात धरावा असं बाईंच्या मनात आलं असणार, पण त्यांनी धरला नाही.

राणीची खोली लहान होती. मामांच्या स्वयंपाकघरापेक्षा हातभर मोठी, एवढीच. पलंग आखूड, खिडकी उंचावर, भिंत काळवंडलेली. बाकीचे लोक वाकून वाकून बघत होते. मामा मात्र मनातल्या मनात मामींची ऐसपैस खोली शोधायला लागले, आणि ती सापडेना. डोळे मिटले तरी हीच खोली पुढे यायची, आखूड पलंगाची. ते बाकीच्यांच्या आधीच खाली उतरले आणि गाडीशी येऊन उभे राहिले.

माणसं परत यायला लागली. मामा दाराशी उभे राहून म्हाताऱ्यांना हात देऊ लागले. सत्तावीस वर्षांचा हात तो, खिशात थोडाच राहणार? सगळे चढल्यावर बाईंनी मागून पुढे डोकी मोजली. यादीच्या तळाशी बेचाळीस लिहिलं होतं. डोकी भरली चाळीस.

"मामा, दोन माणसं कमी आहेत," बाई दारातून म्हणाल्या.

मामांच्या गाडीचं माणूस आजवर कधी मागे राहिलं नव्हतं. ते तसेच वळले आणि चढावर निघाले. तिकिटाच्या खिडकीशी विचारलं, स्वच्छतागृहाबाहेर हाका मारल्या, तटाच्या कडेपर्यंत जाऊन खाली वाकून पाहिलं. बाई दुसऱ्या बाजूनं फिरून आल्या. गाडीत कुरकुर सुरू झाली. एक जण म्हणाला, दोघांसाठी चाळिसांनी किती थांबायचं, येतील मागून रिक्षा करून. मामा धापा टाकत परतले.

"नाहीत बाई. वरपर्यंत बघून आलो. एक म्हातारं जोडपं होतं का सकाळी? त्यांना चढ झेपला नसेल."

नव्या ड्रायव्हरनं तोवर यादी हातात घेऊन एकेक जागा ताडून पाहिली होती. त्याचं बोट पाच आणि सहा नंबरवर थांबलं होतं. तिथे 'कंपनीची भेट, दोन' एवढंच लिहिलेलं होतं. त्यानं यादी बाईंच्या पुढे धरली. बाईंनी वाचलं आणि मामांकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं मोजणीत मामांना धरायचं नसतं हे बाईंच्या अंगात मुरलेलं होतं, आणि मामांच्याही.

"मामा," बाई हळूच म्हणाल्या, "त्यातले एक तुम्ही."

मामांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते हसले. हसता हसता दुसरं माणूस कोण ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते गाडीत चढून आपल्या जागेवर जाऊन बसले.

नदीकाठच्या किल्ल्यात मामा सगळ्यांत मागे चालत होते. बाईंचं आतलं बोलणं त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. माइकवरचं तेवढंच त्यांच्या वाट्याला यायचं. त्यांना वाटलं होतं, आतही सनावळ्याच असतील. स्वयंपाकघरात बाई थांबल्या, हात वर करून जिना दाखवला आणि म्हणाल्या, आता मला सांगा, इथून वर जेवण गरम कसं पोचत असेल?

लोक विचारात पडले. बाईंनी पायऱ्या सांगितल्या, निवलेलं जेवण सांगितलं, आणि सगळे हसले. दिवाणखान्यात मेणबत्त्या विझवणारा माणूस आला. लांब काठीला पत्र्याची टोपी लावून तो या टोकाकडून सुरू करायचा, आणि त्या टोकाला पोचेपर्यंत तास व्हायचा. मग पडदे आले, बारा माणसांनी दोन वर्षांतून एकदा धुवायचे. राणीचा झगा आला, पाठीवर अठ्ठेचाळीस बटणांचा. बाई म्हणाल्या, एवढी काजं जिनं केली असतील, त्या बाईच्या मानेचा विचार करा. पुढे उभी असलेली एक बाई नकळत स्वतःची मान चोळायला लागली.

मामा खांबाला टेकून उभे होते. एकेक प्रश्न त्यांना ओळखू येत होता. कुठला भेंडी चिरताना विचारलेला, कुठला मामींना ताप होता तेव्हाचा. चाळीस अनोळखी माणसं तिथेच हसत होती जिथे मामी हसल्या होत्या. असं रोज चाललं होतं तर. वर्षानुवर्षं मामा मागच्या अंगाला काचा पुसत होते आणि आत मामींचे प्रश्न माणसांना घेऊन खोली खोली फिरत होते. हे आपण तिला सांगायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. पण सांगणार कसं, त्यांनाच आज कळलं होतं.

एका आजोबांनी बाईंना विचारलं, हे असलं पुस्तकात कुठे नसतं, तुम्हाला कसं सुचतं? बाई म्हणाल्या, मला नाही सुचत. एक जण विचारायच्या. त्यांनी मामांकडे पाहिलं नाही. त्यासाठी मामांना त्यांचे उपकार वाटले.

तळ्यातल्या किल्ल्याशी पोचले तेव्हा उन्हं पाण्यावर आली होती. सगळे उतरले. मामा उठले नाहीत. बाई परत वर आल्या.

"मामा, चला. मामींनी सगळ्यात जास्त याच्याबद्दलच विचारलं होतं."

"म्हणूनच," मामा म्हणाले. "डोंगरावरची तिची खोली मी सकाळी घालवून बसलो, बाई. किती आठवली तरी येत नाही. हा एवढा राहू दे."

बाईंनी आग्रह केला नाही. त्या उतरल्या. नवा ड्रायव्हर फडकं घेऊन काचेकडे निघाला होता, त्याला मामांनी थांबवलं. म्हणाले, गाडी मी बघतो, तू आत जाऊन ये. तो म्हणाला, साहेबांना कळलं तर? मामा म्हणाले, साहेबांना सांग, मामांनी ढकललं. तरी तो रेंगाळला, मग धावत बाईंच्या मागे गेला.

मामा एकटेच राहिले. ते ड्रायव्हरच्या जागी गेले नाहीत, पाच नंबरवरच बसले. मागच्या अंगाचा तो सज्जा समोर होता. त्यांनी डोळे मिटले आणि मामींच्या किल्ल्यात शिरले. खुर्ची जागेवर होती. तास कसा गेला कळलं नाही.

ड्रायव्हर पहिला परतला, कपाळावरचा घाम पुसत.

"काय पाहिलंस?" मामांनी विचारलं.

"मोठा आहे. जिने फार."

"बस? घरी विचारलं तर एवढंच सांगणार?"

"घरी कोण विचारतंय, मामा. बायको म्हणते, तुमचे ते दगडधोंडे तुम्हालाच लखलाभ."

"तिला लढाया सांगत असशील."

ड्रायव्हर ओशाळून हसला. मग त्याला काहीतरी आठवलं. तो मामांच्या पुढच्या जागेच्या पाठीवर हात ठेवून उत्साहानं वाकला. "एक मात्र होतं हां. ती तळ्याकडची खोली आहे ना, तिच्यात खिडकीपाशी—"

मामांनी हात वर केला.

"मला नको," ते म्हणाले. "घरी जाऊन सांग."