संपवू नका, बाई

नाट्यगृहाच्या मेकअप खोलीतल्या बाकड्यावर मी जरा पाठ टेकते. दुपार कलली आहे, कार्यक्रम संध्याकाळी. खाली रंगमंचावर मुंबईहून आलेल्या वाद्यवृंदातली माणसं वाद्यं लावतायत. व्हायोलिनचा एकच लांब सूर भिंतीतून झिरपत वर येतोय. माझी सातवीची मुलं बाहेर डबे खायला बसलीत. आज ती या मोठ्या वादकांबरोबर वाजवणार, आणि तेही स्वतः बांधलेली धून.

धून यंत्रमागांची आहे. इचलकरंजीच्या पोरांना दुसरं काय आधी सुचणार? तिची सुरुवात गौतमीच्या ठेक्यानं होते. गौतमी कोष्टी. वर्गात बाकावर बोटांच्या पेरांनी तिनं तो वाजवून दाखवला तेव्हा एरवी कधी गप्प न बसणारा माझा वर्ग गप्प झाला होता. पावसाळ्यात ती तापानं गेली. ठेका मुलांनी ठेवला. आज तिची आई ऐकायला येणार आहे.

सूर लांबतोय. पापण्या जड होतात.

सूर अजून संपलेला नाही. मी रंगमंचावर उभी आहे. सगळे वादक एकाच वेळी गज ओढतायत, एकाच वेळी परत नेतायत. त्यांचे संचालक माझ्याकडे पाठ करून उभे आहेत. मी हाक मारते. ते वळत नाहीत. प्रेक्षागृहाकडे बघते तर खुर्च्यांत माणसं नाहीत. प्रत्येक खुर्चीत कोऱ्या कापडाचा एकेक तागा उभा करून ठेवलाय.

गज जातायत, येतायत, मागातल्या धोट्यासारखे. वर पत्रे आहेत. ही मागाची शेड आहे, आणि मागांच्या मधे माझी मुलं आपापली वाद्यं घेऊन बसली आहेत.

"बाई, आले मी."

समोर शाळेतलं बाक. त्यावर गौतमी. अंगात गणवेश, आणि कपाळावर तापातली ओली पट्टी. पट्टीतून पाणी गळून भुवईवर येतंय, ती ते पुसत नाही. तिची बोटं बाकावर चाललीयेत.

"गौतमी, तू कशी आलीस?"

"ठेका वाजला न्हवं? म्हणून आले." ती हसते. "किती भारी वाजवायला लागलेत सगळे!"

तिच्या बोटांपासून बारीक सूत निघालंय. ते मुलांच्या मनगटांपर्यंत गेलंय. बोट पडलं की मुलांचे हात पडतात. मोठ्या ढोलावर तौफिक आहे. त्याचे ओठ पांढरे पडलेत.

"तौफिक, थांब जरा."

"थांबता येत न्हाई, बाई."

सानिकाची मान एका बाजूला कलंडली आहे. डोळे मिटलेत. हात मात्र वाजवतायत.

"गौतमी, पुरे आता. दमलीत गं मुलं."

"नको, बाई. संपवू नका."

"कधीतरी संपवायला लागतंच की, बाळा."

"हे संपलं की मला परत जायला लागतं." तिचा आवाज बारीक होतो. "तिकडं काहीच वाजत न्हाई, बाई. कायच न्हाई."

मला तिची भीती वाटायला हवी, आणि वाटतेही. पण ती माझ्याहून जास्त घाबरली आहे. तिला तसंच पोटाशी धरावं आणि ठेका चालूच ठेवावा, असंही क्षणभर वाटतं. तेवढ्यात तौफिकच्या नाकातून रक्ताचा थेंब ढोलाच्या कातड्यावर पडतो. ढोल तो उडवतो. दुसरा पडतो.

मागाजवळ लोखंडी दांडा आहे. तो ओढला की माग बंद पडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तो धरते. तो कोमट आहे, हातातून निसटतोय.

ती बाकावरून उठत नाही. फक्त विचारते,

"बाई, मी काय केलं?"

"काही नाही गं. तू फार सुंदर केलंस."

मी दांडा ओढते.

सगळं थांबतं. अशी शांतता मी कधी ऐकलेली नाही. तिच्यात माझा श्वाससुद्धा वाजत नाही. गौतमी माझ्याकडे बघत काहीतरी बोलतेय. ओठ हलतायत. कपाळावरची पट्टी घसरते, तिच्या डोळ्यांवर येते, आणि गौतमी ती वर सारत नाही.

"बाई! ओ हिरेमठ बाई!"

दारात तौफिक. हनुवटीला चटणी लागलेली. मी उठून त्याचं तोंड दोन्ही हातांत धरते, नाकाखाली बोट फिरवून बघते. काही नाही. तो लाजून मागे सरकतो.

"वाद्यवृंदाचे सर बोलवायलेत. गौतमीची आई पण आली, फुडंच बसलीया." मग माझ्याकडे बघत म्हणतो, "हाताला काय लागलंय, बाई? माझ्या गालाला पण लागलं."

तळव्यावर आडवा काळा पट्टा आहे. मी वास घेते. मशीनचं तेल. या खोलीत आरसे आहेत, खुर्च्या आहेत, पंखा आहे. मशीन कुठलं? कोपऱ्यातल्या बेसिनवर साबणानं घासते. पाणी काळं होऊन जातं, पट्टा तसाच.

खालून एका वादकानं ठेका धरून बघितलेला ऐकू येतो. तौफिकची बोटं दाराच्या चौकटीवर आपोआप चालू लागतात.

"बाई, शेवटाला तुम्ही हात खाली आणणार न्हवं? सर म्हणाले, बाईंचा हात खाली येईस्तवर वाजवतच ऱ्हायचं."

"आणणार," मी म्हणते.

तो जिना उतरतो. मी मूठ मिटून त्याच्या मागे निघते. तेल अजून कोमट आहे.