चकापाशी केसभर
धाकट्याच्या वर्कशॉपमध्ये नवा लेथ आला आणि समोरच्या वर्कशॉपमध्ये थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं कसलं, हे त्याच्या बायकोला नाडी न बघता कळलं.

"भाजी अळणी नाही," ती म्हणाली. "तुमचं तोंड कडू झालंय. भावाचा लेथ आला तर आनंद माना की."

"मला काय करायचंय त्याच्या लेथशी?" थोरला म्हणाला, आणि जेवता जेवता तिसऱ्यांदा खिडकीतून समोर बघून आला. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण त्याच्यासाठीच केली असावी.

दोघे भाऊ टर्नर, लेथवर लोखंडी रॉड फिरवून त्याचे शाफ्ट कातणारे. गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. एक थोरला, एक धाकटा, बस. वडील गेल्यावर वडिलांचा लेथ थोरल्याकडे आला आणि धाकट्यानं समोरच्या रिकाम्या शेडमध्ये एका ड्रिलिंग मशीनवर सुरुवात केली; लेथ तो पुढे परक्याच्या कारखान्यात शिकला. बत्तीस वर्षं थोरला त्या लेथपुढे उभा राहिला. त्याच्या हातचा शाफ्ट डोळे मिटून बसवावा, असं गिऱ्हाइकं म्हणायची.

पण लेथचं एक गुपित होतं. रॉड पकडून फिरवणाऱ्या चकापासून वीतभर अंतरावर त्याचा बेड, म्हणजे कापणारं टूल ज्यावरून सरकतं तो पाया, झिजून खोलगट झाला होता. टूल तिथं पोचलं की जरा दबायचं, मागे सरायचं, आणि शाफ्ट नेमका तिथं जाड राहायचा. म्हणून थोरला तिथं आला की हँडल फिरवून टूल केसभर आत घ्यायचा. शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याचं अंगण खरोखरच वाकडं होतं आणि हा गडी त्यावर नाचायला शिकला होता. हे त्यानं कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता मात्र गिअरबॉक्स कण्हायला लागला होता, आणि झीज केसाकेसानं भरून निघण्यापलीकडे गेली होती. फिटरनं बेडवर सरळ पट्टी ठेवली, खालून उजेड दिसला तसा तो मान हलवत उठला.

"बेड घासून सरळ करायला ग्राइंडिंगला पाठवा, महिना लागेल. नाहीतर सरळ नवा घ्या."

थोरल्याला नवा हवा होता. खरं सांगायचं तर त्याला लेथ नको होता, धाकट्याच्या लेथपेक्षा हातभर लांब असं काहीतरी हवं होतं. पण लांबी कळायला तो बघायला तर हवा. म्हणून एका दुपारी तो 'सहज' समोर गेला.

लेथ बघून त्याचा जीव जळला. रंगाला ओरखडा नाही. चक फिरताना ऐकू येईल इतकाही आवाज नाही.

"दादा, तूच चालवून बघ ना," धाकटा म्हणाला. त्याला भावाच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायचा होता, आणि तोच थोरल्याच्या तोंडून निघत नव्हता.

थोरल्यानं रॉड बांधला, कट लावला. टूल लोण्यातून जावं तसं गेलं. धाकट्यानं शाफ्टला मायक्रोमीटर लावून जाडी मोजली. एका टोकाला बरोबर. चकाच्या बाजूला बारीक.

"खोट आहे तुझ्या लेथमध्ये," थोरला म्हणाला. इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता. "नुसता रंग बघून घेतलास की काय?"

धाकट्याचा चेहरा पडला. त्यानं दुसरा रॉड बांधला आणि स्वतः शाफ्ट काढला. मग मायक्रोमीटर थोरल्याच्याच हातात दिला. दोन्ही टोकं सारखी.

थोरल्यानं पुन्हा मोजलं. मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. चकापाशी येताच तो हात, कुणी न सांगता, केसभर आत गेला होता. इथं खड्डा नव्हता, तरी गेला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं. चहासुद्धा न घेता तो घरी आला.

रात्रभर विचार करून डोक्यात एकच गोष्ट उरली. नवा घेतला तरी बेड सरळ, जुना दुरुस्त केला तरी बेड सरळच. हात दोन्हीकडे चुकणार. मग शिकायचंच आहे तर वडिलांच्या लेथवर का नको? सकाळी त्यानं फिटरला निरोप धाडला, की बेड घेऊन जा.

पण महिनाभर हातातली कामं कुठं करायची? गल्लीत दुसरा लेथ एकच होता. तो समोर गेला.

"महिनाभर तुझ्या लेथवर उभं राहू देशील?"

"विचारतोस काय, ये की," धाकटा म्हणाला. मग हसला. "मला तर बाबांनी त्या लेथला बोटसुद्धा लावू दिलं नाही. तू सांगायचास ना, बाबांना चालत नाही म्हणून. मी लांबून तुझा हात बघायचो आणि जळायचो. आता जवळून बघेन."

हो म्हणून गप्प बसणं सोपं होतं. बत्तीस वर्षं तेच केलं होतं.

"बाबा तसं म्हणाले नव्हते," थोरला म्हणाला. "ते म्हणाले होते, धाकट्याला शिकव. त्याचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे."

धाकट्याचं हसू विरलं. त्यानं एक रॉड उचलला, चकात घातला, आणि गरजेपेक्षा कितीतरी जोरात आवळला. थोरला दाराकडे वळला.

"कुठं चाललास?" धाकटा म्हणाला. "उभा राहा इथं. कट लाव. चकापाशी आलास की मी थांब म्हणेन, तेव्हा हँडलवरून हात काढायचा."

थोरल्यानं कट लावला. टूल सरकत सरकत चकापाशी आलं.

"थांब," धाकटा म्हणाला, आणि थोरल्यानं हात काढला.